आप्पांचे जादा ठोके

“मॅडम, पेसमेकर बंद पडलं तर माणूस किती दिवस काढतो?”

फोनवर पोरीचा आवाज होता. मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात कॅथलॅबच्या बाहेर उभी होते. कॅथलॅब म्हणजे जिथं रक्ताच्या नळीतून हृदयापर्यंत वायर, स्टेंट, पेसमेकर वगैरे घालतात ती खोली. एक केस संपली होती, दुसरी लागायची होती. अंगावरचा शिशाचा जाड ॲप्रन अजून उतरवला नव्हता.

“कोण बोलतंय आधी?”

“मी भाग्यश्री. गुरलिंगआप्पांची नात. उमरग्याच्या पुढं आमचं गाव. आप्पांच्या कार्डावर तुम्ही नंबर लिहून दिला होता.”

आप्पा लगेच आठवले. पेसमेकर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांनी मला विचारलं होतं, “ह्याला चार्जिंगला कुठून लावायचं?” आणि मी चार्जिंग लागत नाही म्हटल्यावर म्हणाले होते, “मग आमच्या मल्लिनाथच्या मोबाईलपेक्षा बरं हाय की.” मल्लिनाथ हा त्यांचा मुलगा. भाग्यश्रीचे वडील.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. विकणं माझ्याकडं नाही. डॉक्टर पेसमेकर बसवतात तेव्हा वायर बरोबर जागी लागली का, करंट किती लागतो, हे मोजून सांगायचं, आणि नंतर पेशंटची दर सहा महिन्यांनी तपासणी करायची. सोलापूर, लातूर आणि धाराशिव हा माझा भाग. गाव तामलवाडी. वडील ट्रकमध्ये कांद्याची पोती भरायचे. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. बी.एस्सी., त्यावर कार्डियाक टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा. हे मी सगळ्यांना सांगते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते.

तर पेसमेकर म्हणजे खांद्याच्या खाली, कातडीच्या आत बसवलेला काडेपेटीएवढा डबा. त्याची वायर हृदयात जाते. हृदयानं स्वतः ठोका दिला तर हा गप्प. ठोका यायला उशीर झाला तर हा बारीक करंट देऊन ठोका पाडतो. आप्पांचा मी साठवर लावला होता. म्हणजे मिनिटाला साठच्या खाली हृदय जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्याची राखण.

“काय झालंय नीट सांग,” मी म्हटलं.

“बोटाचं मशीन चाळीस दाखवतंय. कधी एक्केचाळीस. तुम्ही तर म्हणाला होता साठच्या खाली जात नाही.”

बोटाचं मशीन म्हणजे ऑक्सिमीटर. कोरोनात घरोघरी घेतलेलं. साथ गेली, मशीन राहिलं. आता गावात कुणाला जांभई आली तरी त्याचं बोट त्यात घालतात.

“आप्पा आत्ता काय करतायत?”

“चहा पितायत.”

“चक्कर? अंधारी? कुठं पडले-बिडले?”

“नाही. छातीत मधीच धपकन् होतं म्हणतात. ठोका सुटल्यागत वाटतं.”

मला अंदाज आला. तरी म्हटलं, “फोन स्पीकरवर टाक. कान आप्पांच्या छातीला लाव, डाव्या बाजूला. आणि मनगटाची नाडी बोटानं धर. दोन्ही एकदम मोज.”

खुडबुड ऐकू आली. मग आप्पांचा आवाज, “आगं सरक, गुदगुल्या हुत्यात!” मग शांतता. मग भाग्यश्री म्हणाली, “मॅडम, कानाला दोन येतायत. हाताला एकच.”

“दोन कसे? सारख्या अंतरानं?”

“नाही. जोडीनं. धडधड, मग थांबतंय. परत धडधड, मग थांबतंय.”

मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. मी ट्रेनिंगला आलेल्या मुलांना हे समजवायला अर्धा दिवस घेते.

झालं होतं ते असं. आप्पांचं हृदय मधूनच एक जादा ठोका घाईनं टाकत होतं. आम्ही त्याला एक्स्ट्रा बीट म्हणतो. हृदयात रक्त भरायच्या आधीच हा ठोका पडतो, म्हणून तो पोकळ असतो. छातीत ऐकू येतो, पण बोटापर्यंत पोचत नाही. बोटाचं मशीन फक्त पोचलेले ठोके मोजतं. छातीत ऐंशी ठोके पडत असले आणि दर दुसरा पोकळ असला की मशीन चाळीस दाखवतं. पेसमेकरला मात्र दोन्ही ठोके दिसतात, म्हणून तो निवांत असतो. त्याचं काम कमी पडलेलं भरून काढणं. जादा झालेलं थांबवणं हे त्याचं काम नाहीच. त्याला गोळी असते.

हे मी तिला सांगितलं. आप्पांच्या छातीवर मशीन लावून खात्री करावी लागेल, पण बहुतेक पेसमेकर ठणठणीत आहे, असंही सांगितलं.

“हं,” ती पडलेल्या आवाजात म्हणाली.

“काय झालं? चांगली बातमी दिली मी.”

“मॅडम, हे तुम्ही माझ्या पप्पांना सांगा ना. माझं कुणी ऐकत नाही. रविवारी सुपारी फोडायलेत.”

“कुणाची?”

“माझी.”

मग तिनं सगळं सांगितलं. ती उमरग्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कर्नाटकातल्या आळंदचं एक स्थळ दिवाळीपासून मागं लागलेलं. मुलाचं खता-बियाण्याचं दुकान, माणसं चांगली. आत्तापर्यंत त्यांना थोपवून धरलं होतं ते आप्पांनीच. “पोरगी बी.एस्सी. होऊ द्या, मग बघू,” असं ते पावण्यांना तोंडावर सांगायचे. घरात मल्लिनाथची इच्छा होती, पण आप्पांपुढं चालत नव्हतं. आणि मग मशीननं चाळीस दाखवलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. पेसमेकरवाल्या माणसाचा ईसीजी तसाही वेगळाच दिसतो. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “मला यातलं कळत नाही, मशीनवाल्यांना दाखवा.” घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, डॉक्टरनं हात टेकले. त्या संध्याकाळी आप्पा स्वतःच म्हणाले, “माझं काय खरं न्हाय. नातीच्या अक्षता तेवढ्या डोळ्यादेखत पडू द्या.”

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचं हे एक वाक्य घराला पुरतं. त्यापुढं कॉलेज, परीक्षा, वय काही उभं राहत नाही. आणि बोलणाऱ्याचाही त्यात काही कावा नसतो. त्याला खरंच वाटत असतं की आपण नातीला आशीर्वाद देतोय.

“पप्पांकडं दे फोन,” मी म्हटलं.

मल्लिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, तुमाला सोलापुरातनं फोनवर कळालं व्हय? मग आप्रेशनबी फोनवरच करायचं हुतं. उगं आमाला हेलपाटे.”

“अहो, तुमच्या मुलीनं कान लावून ऐकलं. दोन ठोके येतायत.”

“तिला लगीन नको हाय. तिला चार बी ऐकू येतेल.”

मागं कुणीतरी हसलं. मी म्हटलं, “ठीक आहे. तिचं नका ऐकू. मी मशीन घेऊन येते. तोवर सुपारी थांबवा.”

“मशीन कधी येतंय?”

तिथं मी अडकले.

पेसमेकर बाहेरून तपासायला प्रोग्रॅमर लागतो. जाडजूड लॅपटॉपसारखं यंत्र, त्याला एक माऊससारखा गोल भाग. तो छातीवर ठेवला की आतला डबा सगळं सांगतो. बॅटरी किती, वायर कशी, गेल्या महिन्यांत किती ठोके कुणी दिले. हे यंत्र दवाखान्यात नसतं. ते आमच्याकडं असतं. तीन जिल्ह्यांना मिळून आमच्याकडं दोन होती. एक दुरुस्तीला गेलेलं, दुसरं लातूरला. उमरग्यात मी महिन्यातून एकदा जायची, सोलापूरचे हृदयाचे डॉक्टर तिथं तपासायला येतात त्या दिवशी. तो दिवस नुकताच होऊन गेला होता.

मी साहेबांना फोन लावला. साहेब पुण्याला बसतात.

“सर, लातूरचा प्रोग्रॅमर मला शनिवारी उमरग्याला पाहिजे.”

“कशाला? पेशंट कोलॅप्स झाला?”

“नाही सर. एक्स्ट्रा बीट्स असाव्यात. घरचे घाबरलेत.”

“चक्कर?”

“नाही.”

“मग अर्जंट कसं काय? लातूरला शनिवारी दोन पेसमेकरची इम्प्लांट आहेत, रविवारी त्यांची तपासणी.”

“सर, घरात त्यामुळं एका मुलीचं लग्न ठरतंय.”

“मग अभिनंदन सांगा त्यांना.”

“सर, ती शिकतेय. आजोबा जातील म्हणून घाईनं उरकतायत. मशीन लावून दाखवलं तर थांबेल.”

“हे बघा, माझ्याकडं रिक्वेस्टला कारण लिहावं लागतं. काय लिहू? मॅरेज?” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “सोमवारी घ्या. सोमवारी लातूरला काही नाही. दोन दिवसांनी काय फरक पडतो?”

साहेब वाईट माणूस नाही. इम्प्लांटच्या वेळी मशीन नसेल तर खरंच कुणाच्या जिवावर बेततं. त्यांच्या जागी मी असते तर मीही लातूरच म्हटलं असतं. पण दोन दिवसांनी काय फरक पडतो, हे ज्याच्या घरात सुपारी फुटायची असते त्यालाच ठाऊक.

मी परत मल्लिनाथला फोन केला. “सोमवारी सकाळी मशीन घेऊन येते. फक्त एक दिवस पुढं ढकला.”

“पावणे यायलेत मॅडम. आळंदहून दोन गाड्या. त्यांना काय सांगू, मशीन लातूरला हाय म्हणून?”

“आप्पांना देता का फोन?”

“आप्पा झोपलेत.”

झोपलेले असतीलही. मी त्याला खोटं म्हणत नाही.

रविवारी सुपारी फुटली. ज्यांना सुपारी फोडणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, चार लोकांसमोर शब्द दिला जातो आणि वडीलधाऱ्यांच्या हातानं सुपारी फोडून वाटतात. कागद नाही, सही नाही. पण त्यानंतर नाही म्हणणं म्हणजे कोर्टातून पळून येण्यापेक्षा वाईट. भाग्यश्रीच्या घरी ती आप्पांच्या हातानं फोडली. भाग्यश्रीनं नंतर मला सांगितलं, अडकित्त्यातून सुपारी दोनदा निसटली, आणि सगळे म्हणाले, बघा, किती अशक्त झालेत.

सोमवारी लातूरच्या सहकाऱ्याकडून मी औशाच्या स्टँडवर मशीन घेतलं आणि उमरगा गाठलं. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांची खोली दिली. बाहेर बाकावर ट्रक ड्रायव्हर, खोकणारी लेकरं, इंजेक्शनला आलेल्या बायका. आप्पा आले ते मल्लिनाथच्या खांद्यावर हात टाकून, हळूहळू. बरोबर भाग्यश्री, तिची आई आणि गावातले दोघं. मला आप्पा एकदम म्हातारे वाटले. चार महिन्यांपूर्वी हाच माणूस चार्जरची चौकशी करत होता.

“झोपा आप्पा. दुखणार नाही.”

“दुखू दे की. आता काय.”

गोल भाग छातीवर ठेवला. पडद्यावर रेघा सुरू झाल्या. मी जे फोनवर ऐकलं होतं तेच डोळ्यांना दिसलं. एक ठोका पेसमेकरचा, एक जादा. एक पेसमेकरचा, एक जादा. बॅटरी उत्तम. वायर जागेवर. मग मी करंट कमी कमी करत नेऊन बघितला, कितीपर्यंत हृदय साथ देतं ते. तेही उत्तम. त्या पडद्याचे फोटो काढून सोलापूरच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. पेसमेकरचा रेट साठवरून सत्तरवर न्या, गोळी चालू करा, रक्तातलं पोटॅशियम तपासा, हृदयाची सोनोग्राफी पुढच्या वेळी मी करतो. घाबरायचं कारण नाही. तंबाखू आहे का?

“आप्पा, तंबाखू?”

आप्पांनी भाग्यश्रीकडं बघितलं. भाग्यश्री म्हणाली, “आहे. माझ्या समोर नाही म्हणतात.”

“बंद करा,” मी म्हटलं, आणि रेट सत्तरवर नेला. जरा वेळानं जादा ठोके विरळ झाले. बोटाचं मशीन त्यांनी बरोबर आणलंच होतं. त्यात आप्पांचं बोट घातलं. आकडा हलत हलत अडुसष्टवर आला. गावातला एक जण म्हणाला, “आयला, मॅडमनं कान पिळला मशीनचा.”

मी सगळ्यांना नीट समजावलं. पेसमेकर कधीच बंद पडला नव्हता. हा त्रास वेगळा आहे, बऱ्याच जणांना होतो, पेसमेकर बसवल्यावरही होतो. त्यानं छातीत धपकन् होतं, भीती वाटते, पण गोळीनं आटोक्यात राहतो. पुन्हा असं वाटलं तर पाच मिनिटं शांत बसायचं, बोटाच्या आकड्यावर जाऊन घाबरायचं नाही. चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारलं, पाय सुजले तर मात्र थांबायचं नाही, थेट दवाखाना.

आप्पा उठून बसले. शर्टची बटणं लावायची राहिली तशीच.

“म्हंजे म्या मरायलो नव्हतो?”

“नाही आप्पा.”

“परवाबी न्हाय?”

“परवाही नाही. तुमची बॅटरी दहा वर्षांची आहे.”

भाग्यश्रीची आई पदरानं डोळे पुसायला लागली. मल्लिनाथ हात जोडून म्हणाला, “मॅडम, लई उपकार झाले. बसवेश्वराची कृपा.” तो आनंदात खोटा नव्हता. बापावर त्याचा जीव होता. ऑपरेशनच्या वेळी तो चार दिवस वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपलेला मी बघितलाय.

आप्पा मात्र भाग्यश्रीकडं बघत होते. “ही सांगत हुती,” ते म्हणाले. “कान लावून ऐकलंय म्हणत हुती.” मग मुलाकडं वळले. “मल्लू, आळंदला फोन लाव.”

“कशाला?”

“म्हणावं, दोन वर्सं थांबा. पोरीचं शिक्षण होऊ द्या. आता मला काय झालं न्हाय.”

“आप्पा, सुपारी फुटलीया.”

“मला ठावं हाय की. म्याच फोडली.”

“मग? काल फोडली अन् आज मोडायची? लोकं काय म्हणतेल? म्हाताऱ्यानं मरायचं सोंग केलं म्हणतेल.”

बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली होती. दार उघडंच होतं.

“तवा तर म्हणत हुतास, आप्पासाठी करायलो,” आप्पा म्हणाले.

“तवा तुमच्यासाठीच हुतं. आता शब्दासाठी हाय.” मल्लिनाथचा आवाज चढला नाही. तो समजूत घालत होता, लेकराची घालतात तशी. “आन् देवानं तुमाला आयुष्य दिलंय, मग रडत कशाला करायचं? वाजवून करू. तुमी उभं ऱ्हावा अक्षतेला.”

मी मध्ये बोलले. बोलायचा मला अधिकार नव्हता, तरी बोलले. “अहो, मुलगी हुशार आहे. मी फोनवर जे करायला सांगितलं ते भल्याभल्यांना जमत नाही. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“पावणे शिकवू म्हणालेत,” मल्लिनाथ म्हणाला. “लिहून घेऊ का? तुमीच सांगा, असलं कुणी लिहून घेतंय का?”

मशीनमधून काढून दिलेला रिपोर्ट हातात घेऊन भाग्यश्री त्याची घडी घालत होती. निघताना मला म्हणाली, “मॅडम, तुमचं कसं जमलं? शिक्षणाचं?”

मी म्हटलं, “आमच्या घरात तेव्हा कुणी आजारी नव्हतं.”

हे उत्तर मी विचार करून दिलं नव्हतं. पण नंतर कितीही विचार केला तरी याहून खरं उत्तर मला सापडलं नाही. आपण हुशारीच्या आणि कष्टाच्या गोष्टी सांगतो. कष्ट केलेच. पण नेमक्या त्या तीन-चार वर्षांत घरात कुणाचा आकडा खाली आला नाही, हेही होतंच.

पुढची गोष्ट मला भाग्यश्रीनं फोनवर सांगितली. आठवड्याभरानं आप्पा घरात कुणाला न सांगता एसटीत बसून आळंदला गेले. खिशात माझा रिपोर्ट. मुलाच्या वडिलांपुढं तो कागद उलगडला आणि म्हणाले, “हे बघा, म्या मरत न्हाय. तर घाई नको.” त्या माणसानं कागद डोळ्याजवळ धरून वाचल्यासारखं केलं. मग आप्पांना मिठी मारली. म्हणाला, ह्याहून शुभ काय पाहिजे. बसवून होळगी म्हणजे पुरणपोळी जेवू घातली, वर दूध. आणि मुलाला गाडी काढायला लावून आप्पांना घरापर्यंत सोडलं. वाटेत तो होणारा जावई त्यांना दोनदा म्हणाला, “आजोबा, एसी कमी करू का? छातीला त्रास होईल.”

“एवढ्या चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, ते आप्पांना कळेना,” भाग्यश्री म्हणाली. ती हसत होती. मला हसता आलं नाही.

“तू स्वतः मुलाशी बोललीस?”

“बोलले. ते म्हणाले, शीक की. आमच्या दुकानाच्या मागंच कॉलेज आहे.”

“मग?”

“त्या कॉलेजात सायन्स नाही मॅडम.”

उन्हाळ्यात अक्षता पडल्या. मला पत्रिका आली होती. जायला जमलं नाही. खरं सांगायचं तर जमवलं नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिनं दिली. लग्नानंतर माहेरी राहून दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. तिसऱ्या वर्षाचं आधी ‘सण झाल्यावर बघू’ झालं. मग ‘सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर’ झालं. कुणी तिला नाही म्हटलं नाही. तिच्याकडं आजही कुणाचं नाव घेऊन तक्रार करण्यासारखं काही नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ती दुकानात होती, मागं गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारत होतं. ती म्हणाली, “मॅडम, नंतर करते.” केला नाही. मीही पुन्हा लावला नाही.

त्या सोमवारनंतर सहा महिन्यांनी आप्पा उमरग्याला तपासणीला आले. आता मुलाच्या खांद्याची गरज नव्हती. चालत खोलीत आले, स्वतः चप्पल काढली, स्वतः टेबलावर चढले. मल्लिनाथ बाहेर फोनवर बोलत होता. मी मशीन लावलं. जादा ठोके जवळजवळ गेलेच होते. गोळी लागू पडली होती. डॉक्टर बघून म्हणाले, एकदम मस्त, आजोबा, आता शंभरी करा.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडं गेले. मी आप्पांच्या छातीवरची जेल पुसत होते.

“तंबाखू?” मी विचारलं.

“सोडली. विचारणारं गेलं, पण सोडली.” मग त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या कंपनीत पोरी घेत्यात का?”

“घेतात की. मी आहेच ना.”

“काय शिकल्यालं लागतंय?”

“बी.एस्सी. लागतं. मग आम्ही शिकवतो.”

“पुरी?”

“हो आप्पा. पूर्ण लागते. डिग्रीचं सर्टिफिकेट बघतात.”

ते बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात गेलं, ते त्यांनी काढून परत लावलं. “एकच वरीस हुतं,” म्हणाले. “मलाच घाई झाली.”

मी त्यांना म्हटलं, तुमची चूक नाही, तुम्हाला भीती वाटली. ते म्हणाले, “भीती मला वाटली, अन् लगीन तिचं झालं.” मग चप्पल घालून बाहेर गेले. मल्लिनाथनं फोन खिशात टाकला, आत डोकावून मला विचारलं, “सगळं बरं हाय ना मॅडम?” मी म्हटलं, सगळं बरं आहे. रिपोर्टवर तसंच होतं.

साहेबांना मी ही सगळी हकीकत एकदा मीटिंगनंतर सांगितली. ते पेन फिरवत म्हणाले, “पण त्या शनिवारी लातूरची दोन्ही माणसं वाचली.” ती वाचली, हे खरं आहे. वर्षाच्या शेवटी आम्हाला तिसरा प्रोग्रॅमर मिळाला. तो या कारणानं मिळाला असं म्हणायला माझ्याकडं काही पुरावा नाही.

जादा ठोक्यांची ही माहिती पेशंटला आधीच का दिली जात नाही, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरांना वाटतं टेक्निशियन सांगेल. टेक्निशियनला वाटतं डॉक्टरांनी सांगितलं असेल. आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांचं लक्ष गाडी कुठं लावलीय याकडं असतं. पेसमेकर बसला, आता ठोका चुकणार नाही, असं सगळेच धरून चालतात. ठोका चुकू शकतो. बहुतेक वेळा त्यात जिवाला धोका नसतो. धोका असतो तो चुकलेल्या ठोक्यावर घरात जे ठरवलं जातं त्याचा. ते नंतर कुठल्याच यंत्रानं मागं घेता येत नाही.

म्हणून आता पेशंट घरी जाताना मी गाडी येईपर्यंत नातेवाईकांना धरून ठेवते. बोटाच्या मशीनचं सांगते, गोळीचं सांगते. आणि शेवटी म्हणते, छातीत धपकन् झालं, आकडा कमी दिसला, तर पहिला फोन आम्हाला करा. पावण्यांना नंतर.

लोक हसतात. मी त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेते.